फुटबॉलचे भाव आणि जुनी आकडेवारी : एक ओळख



क्रिकेटच्या गप्पांशिवाय आपला कोणताही कार्यक्रम पार पडत नाही, हे खरेच. पण गेल्या काही वर्षांत यान्बूतील मराठी घरांत फुटबॉलनेही चांगलेच बस्तान बसवले आहे. २०२२ च्या अखेरीस रोनाल्डो रियाधच्या अल नस्र संघात आला, आणि ११ डिसेंबर २०२४ रोजी २०३४ चा विश्वचषक सौदी अरेबियाला मिळाला. साहजिकच मुलांच्या तोंडी सतत खेळाडूंची नावे आणि त्यांचे आकडे असतात.

सामन्याबरोबर आणखी एक गोष्ट घरात येते, ती म्हणजे भाव. कोणत्या संघाला किती भाव, हे बातम्यांत असते, परदेशी वाहिन्यांवर असते. बारावीनंतर ब्रिटनला किंवा भारतात शिकायला गेलेल्या मुलांच्या फोनवर तर जाहिरातींचा माराच असतो. त्यात आपल्यापैकी बरेच जण संगणक क्षेत्रातले किंवा इंजिनियर. "पंचवीस-तीस वर्षांचे निकाल फुकट मिळतात, एक्सेल येते, मग बुकीपेक्षा चांगला अंदाज का करता येऊ नये?" हा प्रश्न आमच्या ओळखीत अनेकदा ऐकू येतो. प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर नुसते "जुगार वाईट" असे देऊन भागत नाही. म्हणून हा लेख. गणित शाळेतल्यापेक्षा फार पुढचे नाही, तेव्हा घाबरू नये!

१. आधी कायद्याचे

सौदी अरेबियात जुगार पूर्णपणे निषिद्ध आहे. सामन्यावर पैसे लावणे, परदेशी संकेतस्थळावरून लावणे, इतरांचे पैसे गोळा करून लावणे, यातले काहीही चालत नाही. नोकरी आणि इकामा दोन्हींवर गदा येऊ शकते. "आपण आपापसात पन्नास-पन्नास रियाल काढू" हाही त्यातलाच प्रकार, हे लक्षात ठेवावे.

महाराष्ट्रात १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आहे. घोड्यांच्या शर्यतीला मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कौशल्याचा खेळ मानले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा भारतीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, आणि त्याच महिन्यात मुंबईच्या ड्रीम ११ ने आपल्या पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. ब्रिटनमध्ये परवानाधारक बुकी कायदेशीर आहेत, त्यामुळे तिथे शिकणाऱ्या मुलांचा संबंध या विषयाशी सर्वांत आधी येतो.

पुढचे सगळे विवेचन आकडे समजून घेण्यासाठी आहे, पैसे लावण्यासाठी नाही.

२. भाव म्हणजे काय?

युरोपात भाव दशांशात लिहितात. भाव २.१० असेल तर १०० लावून जिंकल्यास २१० हातात येतात (त्यात आपलेच १०० धरून). ब्रिटनच्या जुन्या पद्धतीत "पाचास एक" म्हणजे एकावर पाच नफा, अर्थात दशांशात ६.००.

भावातून शक्यता काढायची तर १ ला भावाने भागायचे. भाव २.०० असेल तर ५० टक्के, ४.०० असेल तर २५ टक्के. म्हणजे भाव हा एक प्रकारे अंदाजच असतो, फक्त उलटा करून लिहिलेला.

३. बुकीचा वाटा

समजा एका सामन्याचे भाव असे आहेत (हे आकडे केवळ उदाहरणादाखल) :

- यजमान संघ जिंकेल : २.१० (४७.६ टक्के)
- बरोबरी : ३.४० (२९.४ टक्के)
- पाहुणा संघ जिंकेल : ३.६० (२७.८ टक्के)

बेरीज करून पाहा : १०४.८ टक्के! तीनपैकी एक निकाल लागणारच, म्हणजे बेरीज १०० हवी. वरचे ४.८ हा बुकीचा वाटा. प्रत्येक आकड्याला १.०४८ ने भागले की बुकीच्या मनातल्या शक्यता साधारण कळतात : ४५.४, २८.१ आणि २६.५ टक्के. याचा दुसरा अर्थ असा, की डोळे मिटून पैसे लावणाऱ्याला १०० रियालमागे सरासरी ९५.४ रियालच परत मिळतात.

आपल्या मुंबईचा मटका याच तत्त्वावर चालत असे. कापसाच्या उघडत्या आणि बंद भावांवर लागणाऱ्या पैजांतून तो जन्मला. शून्य ते नऊ यांतला एक आकडा लावायचा, लागला तर रुपयाला नऊ रुपये. दहात एकची शक्यता आणि नऊचा भाव, म्हणजे परतावा ९० टक्के. मटकेवाल्याला कोणता आकडा येणार हे माहीत असण्याची गरजच नव्हती.

चार-पाच सामने एकत्र जोडून मोठा भाव दाखवण्याची पद्धत तर आणखी महाग. प्रत्येक सामन्यात ९५.४ टक्के परतावा धरला तर पाच सामने जोडल्यावर तो ७९ टक्क्यांवर येतो. कारण वाटा प्रत्येक पायरीवर कापला जातो. जाहिरातींत हीच "जोडपैज" सर्वांत जास्त दिसते, ती का हे आता कळले असेलच.

थोडक्यात, नफा हवा तर आपला अंदाज बुकीइतका चांगला असून भागत नाही. तो इतका सरस हवा, की हा वाटा भरून वर काही उरावे.

४. जुन्या निकालांतून शक्यता कशी काढतात?

*मोजणी.* सर्वांत सोपी पद्धत. "घरच्या मैदानावर संघ किती वेळा जिंकतो?" याचे उत्तर जुने निकाल मोजून मिळते. फुटबॉलचे निकाल जमवणाऱ्या हौशी मंडळींची आरएसएसएसएफ ही संस्था १९९४ पासून जगभरच्या स्पर्धांचे तक्ते ठेवते आहे. तेव्हा आकड्यांचा तुटवडा नाही.

*गोलांचे गणित.* फुटबॉलमध्ये गोल थोडे होतात. २०१५-१६ च्या प्रीमियर लीगमध्ये ३८० सामन्यांत १०२६ गोल झाले, म्हणजे सामन्याला २.७. अशा तुरळक घडणाऱ्या गोष्टींसाठी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली मांडलेले सूत्र उपयोगी पडते. संघाच्या गोलांची सरासरी दिली की शून्य, एक, दोन, तीन गोल होण्याची शक्यता ते सांगते. एक्सेलमध्ये हे सूत्र तयारच मिळते. १९८२ साली मेहर या अभ्यासकाने प्रत्येक संघाच्या आक्रमणाची आणि बचावाची ताकद वेगवेगळी धरून हे गणित फुटबॉलला बसवले. १९९७ साली डिक्सन आणि कोल्स यांनी त्यात दोन महत्त्वाच्या दुरुस्त्या केल्या. एक म्हणजे ०-० आणि १-१ असे निकाल साध्या सूत्रात नीट बसत नाहीत, त्यांची दुरुस्ती. दुसरी म्हणजे जुन्या सामन्यांना कमी आणि ताज्या सामन्यांना जास्त वजन.

*गुणांकन.* बुद्धिबळासाठी अर्पाद एलो यांनी तयार केलेली पद्धत आपल्याला विश्वनाथन आनंदमुळे ऐकून माहीत आहे. बलाढ्य संघाला हरवले तर जास्त गुण, दुबळ्याला हरवले तर कमी. मूळ सूत्रात २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याला सरासरी ७६ टक्के गुण मिळणे अपेक्षित असते. फिफानेही आपली क्रमवारी २०१८ पासून याच धर्तीवर केली.

५. एक खरे उदाहरण : सौदी अरेबिया विरुद्ध अर्जेंटिना

२२ नोव्हेंबर २०२२, मंगळवार, दुपारी एक वाजता लुसैलच्या मैदानावर सामना सुरू झाला. अर्जेंटिना सलग ३६ सामने हरलेली नव्हती. दहाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर गोल केला. पूर्वार्धात अर्जेंटिनाचे आणखी तीन गोल ऑफसाइड ठरले. उत्तरार्धात आधी अल शेहरी आणि मग अल दौसरी यांनी पाच मिनिटांच्या अंतराने गोल केले आणि सौदीने सामना २-१ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी इथे देशभर सुट्टी जाहीर झाली, हे तेव्हा इथे असलेल्यांना आठवत असेलच!

आता आपण त्या दिवशी सकाळी एक्सेल उघडून बसलो आहोत अशी कल्पना करू. सौदीचा तोपर्यंतचा विश्वचषकातला इतिहास असा :

- १९९४ : ४ सामने, २ विजय, २ पराभव
- १९९८ : ३ सामने, १ बरोबरी, २ पराभव
- २००२ : ३ सामने, ३ पराभव
- २००६ : ३ सामने, १ बरोबरी, २ पराभव
- २०१८ : ३ सामने, १ विजय, २ पराभव

एकूण १६ सामने, ३ विजय, २ बरोबरी, ११ पराभव. केलेले गोल ११, खाल्लेले ३९.

पद्धत पहिली, नुसती मोजणी : १६ पैकी ३, म्हणजे विजयाची शक्यता सुमारे १९ टक्के.

पद्धत दुसरी, गोलांचे गणित : सौदीची सरासरी ११ भागिले १६, म्हणजे ०.६९. प्रतिस्पर्ध्याची ३९ भागिले १६, म्हणजे २.४४. प्वासाँच्या सूत्रात हे आकडे घालून १-०, २-०, २-१, ३-० अशा सौदीच्या विजयाच्या सगळ्या शक्यता मिळवल्या की उत्तर येते साधारण ८.५ टक्के. बरोबरी साधारण १५.५ टक्के.

पद्धत तिसरी : २००२ साली जर्मनीने सौदीला ८-० असे हरवले होते. "तो एक सामना विचित्र होता, तो वगळू" असे कोणी म्हणाले तर? आता १५ सामने, ११ गोल केले, ३१ खाल्ले. तेच सूत्र, उत्तर साधारण १२ टक्के.

म्हणजे इतिहास तोच, आणि उत्तरे तीन : १९, १२ आणि ८.५. यांचे वाजवी भाव अनुक्रमे साधारण ५.३, ८.२ आणि ११.८ होतात. एक वीस वर्षांपूर्वीचा सामना धरायचा की नाही, एवढ्यावर भाव तीन-साडेतीनने हलला!

गंमत म्हणजे क्रमवारीवर आधारित मोठा हिशेब करणाऱ्या ग्रेसनोट या संस्थेने सौदीच्या विजयाची शक्यता ८.७ टक्के धरली होती. १९५० साली अमेरिकेने इंग्लंडला हरवले त्या सामन्याला तिच्या हिशेबात ९.५ टक्के होते, म्हणून तिने सौदीच्या विजयाला विश्वचषकातला सर्वांत मोठा धक्का म्हटले. आपले ८.५ त्याच्या जवळ आले, पण हुरळून जाऊ नये. आपल्या हिशेबात अर्जेंटिनाचे नावही नव्हते! समोर ट्युनिशिया असता तरी त्याने ८.५ च सांगितले असते. उत्तर जवळ आले म्हणून रीत बरोबर ठरत नाही.

आता पैशांच्या दृष्टीने पाहू. समजा कोणी सौदीला १५ चा भाव दिला. आपली शक्यता ८.५ टक्के खरी असेल तर १०० रियालमागे सरासरी १२७ परत यायला हवेत, म्हणजे मोठाच फायदा. पण खरी शक्यता ५ टक्के असेल तर ७५ च परत. साडेतीन टक्क्यांच्या चुकीने नफ्याचा तोटा झाला. आणि १६ सामन्यांवरून ५ टक्के की ८.५ टक्के हे कोणालाच सांगता येत नाही. मोठ्या भावांत हाच सापळा असतो.

पुढचेही सांगतो. त्या विजयानंतर सौदी पोलंडकडून ०-२ आणि मेक्सिकोकडून १-२ असा हरला आणि गटात शेवटचा राहिला. अर्जेंटिना मात्र १८ डिसेंबरला जगज्जेती झाली. एका निकालावरून मत बदलणाऱ्यांची त्या आठवड्यात दोन्हीकडून पंचाईत झाली असणार.

६. इतिहास कुठे फसवतो?

*परिस्थिती बदलते.* रिफायनरीत काम करणाऱ्या मंडळींना हे सांगायला नको. पंपाच्या बेअरिंगचा दहा वर्षांचा बिघाडाचा इतिहास कामाचा असतो, पण मध्ये वंगण बदलले, वेग बदलला, तर जुने आकडे तसेच वापरता येत नाहीत. २०२०-२१ च्या प्रीमियर लीगमध्ये करोनामुळे मैदाने जवळजवळ रिकामी होती. ३८० सामन्यांत यजमान १४४ वेळा जिंकले आणि पाहुणे १५३ वेळा. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून असे प्रथमच घडले. जुन्या निकालांवरून यजमानांना झुकते माप देणारे सूत्र त्या वर्षी चुकत राहिले.

*न घडलेले म्हणजे अशक्य नव्हे.* १९९२-९३ ते २०१४-१५ या २३ हंगामांत प्रीमियर लीग फक्त पाच क्लबांनी जिंकली होती. २०१५-१६ च्या आधी लेस्टर सिटीला ५००० चा भाव होता, आणि लेस्टर जिंकले. २३ हंगामांच्या इतिहासावरून "पाच हजारांत एक" म्हणता येत नाही, हे बुकींनाही महागात पडून कळले. आपल्या देशातलेही उदाहरण आहे. संतोष करंडकाचा अंतिम सामना मार्च २०२३ मध्ये रियाधला झाला. कर्नाटकाने मेघालयाला ३-२ असे हरवून ५४ वर्षांनी करंडक जिंकला.

*निकाल आणि खेळ वेगळे.* एका गोलाने सामना फिरतो. म्हणून अलीकडे गोलांबरोबर फटके कोठून आणि किती चांगले मारले याची आकडेवारीही धरतात.

*सोयीचा इतिहास.* "गेल्या सात सामन्यांत हा संघ मंगळवारी हरलेला नाही" अशी वाक्ये आपण ऐकतो. शंभर प्रकारे आकडे चाळले तर चार-पाच गोष्टी योगायोगाने जुळतातच. ज्या आकड्यांतून नियम शोधला त्याच आकड्यांवर तो तपासू नये. अर्धे हंगाम शोधायला, उरलेले तपासायला ठेवावेत.

*बुकीकडेही तोच इतिहास आहे.* हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. जुने निकाल सर्वांना मिळतात, म्हणजे ते भावात आधीच धरलेले असतात. शिवाय कोण जखमी आहे, कोणाला विश्रांती दिली, हेही भावात लगेच उतरते.

७. नफा खरा की नशीब?

"माझा एक मित्र तीन महिने फायद्यात आहे" हे वाक्य हमखास ऐकू येते. हिशेब करू. नाणे उडवावे तशी ५०-५० शक्यता आणि भाव १.९१. अशा १०० पैजा लावणाऱ्याला सरासरी तोटाच होतो, तरीही निव्वळ नशिबाने साधारण तिघांपैकी एक जण फायद्यात दिसतो! १००० पैजांनंतर असे शंभरात सहा-सात जणच उरतात. गप्पा मारायला येतो तो फायद्यातला, बाकीचे गप्प बसतात.

उलट बाजूने पाहा. एखाद्याच्या पद्धतीत खरोखर २ टक्क्यांचा फायदा आहे असे धरू. तो नशीब नसून पद्धत आहे हे बऱ्यापैकी खात्रीने सांगायला अशा सुमारे १०,००० पैजा लागतील. प्रीमियर लीगचा प्रत्येक सामना धरला तर २६ हंगाम! तोवर संघ, खेळाडू आणि बहुधा खेळाचे नियमही बदललेले असतात.

८. आणि कोणी खरेच जिंकला तर?

२०१७ साली काउनित्झ आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी स्वतःचे भाकीत करण्याचा नाद सोडला आणि अनेक बुकींच्या भावांची सरासरी हीच खरी शक्यता मानली. एखाद्या बुकीचा भाव त्यापेक्षा बराच जास्त असेल तिथेच पैज धरायची. दहा वर्षांच्या सुमारे ४ लाख ७९ हजार सामन्यांवर तपासता ३.५ टक्के नफा दिसला. मग त्यांनी काही महिने खरे पैसे लावले आणि तेव्हाही नफा झाला. पुढे काय झाले? बुकींनी त्यांच्या खात्यांवर मर्यादा घातल्या. हरणाऱ्याला दार उघडे, जिंकणाऱ्याला बंद. हे कळल्यावर "संगणक वापरून जिंकू" या कल्पनेतली हवा निघून जाते.

९. घरातल्यांसाठी थोडे

मुलगा किंवा मुलगी दूर शिकत असेल तर काही खुणा ध्यानात ठेवाव्यात : खात्यातून वारंवार जाणाऱ्या लहान रकमा, महिनाअखेर होणारी ओढाताण, मित्रांकडून उसनवारी, सामना चालू असताना फोन लपवणे. "गेलेले परत मिळवले की थांबतो" हे वाक्य सर्वांत धोक्याचे. गेलेल्या पैशांची पुढच्या सामन्याला काहीही खबर नसते.

ब्रिटनमध्ये २०१८ पासून गॅमस्टॉप ही सोय आहे. तिथे एकदा नाव नोंदवले की परवानाधारक ऑनलाइन बुकी खाते उघडू देत नाहीत. एप्रिल २०२० पासून तिथे क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यास बंदी आहे, आणि अनेक बँका जुगाराचे व्यवहार रोखण्याची सोय देतात. रागावण्याआधी हे सांगावे. मूल घाबरून लपवू लागले तर कर्ज वाढते.

१०. आकड्यांची हौस बिनपैशांत

हे गणित मुलांना शिकवण्यासाठी मात्र फुटबॉलसारखे साधन नाही. २०२६ पासून विश्वचषकात ४८ संघ आणि १०४ सामने झाले, म्हणजे सरावाला भरपूर वाव. एक खेळ सुचवतो, पैसे अजिबात नाहीत.

प्रत्येकाने सामन्याआधी तीन शक्यता लिहायच्या, बेरीज १००. समजा ६०, २५, १५. निकाल लागला की घडलेल्या गोष्टीला १ आणि न घडलेल्यांना ० धरून फरकांचे वर्ग करून बेरीज करायची. यजमान जिंकला तर : ०.४ चा वर्ग अधिक ०.२५ चा वर्ग अधिक ०.१५ चा वर्ग, म्हणजे ०.२४५. पाहुणा जिंकला तर १.१४५. स्पर्धेच्या शेवटी ज्याची बेरीज कमी तो विजेता. हवामानाचे अंदाज तपासण्यासाठी ब्रायर यांनी १९५० साली ही पद्धत मांडली. "नक्की जिंकणार" म्हणून १०० टक्के लिहिणारा एका धक्क्यात २ गुणांचा दंड भरतो, त्यामुळे मुले लवकरच मोजून-मापून बोलायला शिकतात. काही मोठ्यांनाही याचा उपयोग होईल!

थोडक्यात सांगायचे तर जुनी आकडेवारी अंदाज सुधारते, बुकीचा वाटा तो फायदा खाऊन टाकतो, आणि उरलेला फरक नशीब आहे की कौशल्य हे कळायला आयुष्य पुरत नाही. भाव वाचायला जरूर शिकावे, मुलांनाही शिकवावे. ज्याला भाव वाचता येतो त्याला जाहिरात फसवू शकत नाही.

आपले अभिप्राय आणि शंका जरूर कळवा. एक्सेलमध्ये वरची उदाहरणे करून पाहिलीत आणि उत्तर वेगळे आले, तर तेही कळवा.